२५ जुलै : एकाच तारखेला घडलेल्या ‘पहिल्या’ घटना – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिनविशेषासाठी २५ जुलैच का निवडली?

कारण या तारखेला ‘जगात पहिल्यांदा’ किंवा ‘देशात पहिल्यांदा’ असं म्हणता येतील अशा घटनांची गर्दी आहे. विमानाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडली गेली ती १९०९ सालच्या २५ जुलैला. पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं १९७८ च्या २५ जुलैला. एका स्त्रीने अंतराळयानाबाहेर पडून पहिल्यांदा काम केलं १९८४ च्या २५ जुलैला. आणि प्रतिभाताई पाटील यांनी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली तीही २५ जुलैलाच, २००७ साली.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एकाच तारखेला दोन घटना येतात त्या तीन प्रकारांनी: निव्वळ योगायोगाने, एखाद्या नियमामुळे, नाहीतर कुणीतरी मुद्दाम ती तारीख धरल्यामुळे. या एका तारखेत तिन्ही प्रकार सापडतात. दिनविशेष वाचताना हा फरक ओळखता आला की माहितीची नुसती जंत्री उरत नाही.

इतक्या मोठ्या घटना एकाच दिवशी! ही तारीख शुभ आहे का?

नाही. वर्षात तारखा ३६६, आणि गेल्या दोन-तीनशे वर्षांतल्या ‘पहिल्या’ घटना हजारोंनी. प्रत्येक तारखेच्या वाट्याला काही ना काही येणारच. वर्गात फक्त २३ मुलं असली तरी त्यांतल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. गणिताच्या शिक्षकांनी हा प्रयोग पटावरच्या जन्मतारखा घेऊन जरूर करावा.

शिवाय याच तारखेला, २००० साली, एअर फ्रान्सचं कॉन्कॉर्ड हे ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमान पॅरिसहून उडताच कोसळलं. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ जण गेले. कॉन्कॉर्डच्या इतिहासातला हा पहिला आणि एकमेव जीवघेणा अपघात. तारखेला पुण्य चिकटवायचं तर हेही तिच्याच खात्यात मांडावं लागेल.

राष्ट्रपतींचा शपथविधी दर वेळी २५ जुलैलाच का असतो? घटनेत तशी तारीख आहे का?

घटनेत अशी कुठलीही तारीख नाही. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं, कारण अनेकांचा इथे घोळ होतो.

घटनेत दोन गोष्टी आहेत. राष्ट्रपतींची मुदत पदभार घेतल्याच्या दिवसापासून पाच वर्षं (अनुच्छेद ५६). आणि मृत्यू, राजीनामा किंवा अन्य कारणाने पद मध्येच रिकामं झालं तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यायची, निवडून येणाऱ्याला उरलेली नव्हे तर पूर्ण पाच वर्षांची मुदत मिळते (अनुच्छेद ६२).

११ फेब्रुवारी १९७७ ला राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांचं पदावर असतानाच निधन झालं. उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती हंगामी राष्ट्रपती झाले. सहा महिन्यांची मर्यादा ऑगस्टमध्ये संपणार होती. त्याआधी नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले आणि २५ जुलै १९७७ ला त्यांनी शपथ घेतली. तिथून पाच-पाच वर्षांची साखळी सुरू झाली ती आजवर तुटलेली नाही: झैलसिंग, वेंकटरामन, शंकरदयाळ शर्मा, नारायणन, कलाम, प्रतिभाताई, प्रणव मुखर्जी, कोविंद, मुर्मू. रेड्डींसह दहा जण, दहाही शपथविधी २५ जुलैला.

याआधीही अशा साखळ्या होत्या. डॉ. राधाकृष्णन आणि डॉ. झाकीर हुसेन, दोघांनीही १३ मे रोजी शपथ घेतली होती. १९६९ मध्ये झाकीर हुसेन यांचं पदावर असताना निधन झालं आणि ती साखळी तुटली. मग व्ही. व्ही. गिरी आणि फखरुद्दीन अली अहमद यांची २४ ऑगस्ट. तीही १९७७ मध्ये तुटली. म्हणजे २५ जुलै ही तारीख कुणी ठरवलेली नाही. एक निधन आणि घटनेतला एक नियम यांतून ती आपसूक आली आहे.

प्रतिभाताई पाटील यांच्याबद्दल मुलांना काय सांगावं? ‘पहिल्या महिला राष्ट्रपती’ एवढंच पुस्तकात आहे.

एवढ्यावर थांबू नका. जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावची ही मुलगी. जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजातून एम. ए., मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी. कॉलेजात टेबल टेनिस खेळायच्या. १९६२ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, जळगावमधून विधानसभेवर निवडून आल्या. पुढे एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरमधून, १९८५ पर्यंत आमदार राहिल्या. अमरावतीच्या खासदार, राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल आणि मग राष्ट्रपतिपदाची निवडणूक. समोर उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत होते. शिवसेना तेव्हा विरोधी आघाडीत होती, तरी मराठी उमेदवार म्हणून तिने प्रतिभाताईंना पाठिंबा दिला.

मला सगळ्यात लक्षणीय वाटतो तो ४५ वर्षांचा प्रवास. २५ जुलै २००७ हा त्याचा एक दिवस. त्याआधी गावोगावच्या सभा, विधानसभेतली मंत्रिपदं, विरोधी पक्षनेतेपद हे सगळं आहे. त्यांना शपथ दिली सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांनी. तेही त्या पदावर पोहोचलेले पहिले दलित होते. एका शपथेच्या दोन्ही बाजूंना दोन ‘पहिले’ उभे होते, हे त्या दिवशीच्या बातम्यांत फारसं ठळक झालं नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावरून त्या सुखोई-३० मध्ये बसून उडाल्या, तेव्हा त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या.

याच तारखेला शपथ घेतलेले आणखी कोणते ‘पहिले’?

झैलसिंग (१९८२) हे पहिले शीख राष्ट्रपती. के. आर. नारायणन (१९९७) पहिले दलित राष्ट्रपती. द्रौपदी मुर्मू (२०२२) पहिल्या आदिवासी राष्ट्रपती, संथाळ समाजातल्या, आणि स्वातंत्र्यानंतर जन्मलेल्याही पहिल्याच.

१९०९ मध्ये ब्लेरिओने खाडी ओलांडली, त्या सकाळी नेमकं काय झालं?

लंडनच्या ‘डेली मेल’ने विमानाने इंग्लिश खाडी पार करणाऱ्याला १,००० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. अट अशी की उड्डाण सूर्योदय ते सूर्यास्त याच वेळेत व्हायला हवं. स्पर्धेत सगळ्यात पुढे होता ह्युबर्ट लॅथम. १९ जुलैला तो उडाला, इंजिन बंद पडलं आणि विमान समुद्रात उतरलं. तो सुखरूप वाचला आणि नवं विमान घेऊन पुन्हा तयारीला लागला.

लुई ब्लेरिओ हा फ्रेंच अभियंता. मोटारींच्या दिव्यांच्या धंद्यात त्याने पैसा कमावला आणि तो बराचसा विमानांत घातला. त्याची आधीची कितीतरी विमानं मोडली होती. जुलै १९०९ मध्ये तो फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेला आला तेव्हा एका उड्डाणात भाजलेला पाय घेऊन आला, कुबड्यांवर. २५ जुलैच्या पहाटे वारा पडला. ब्लेरिओ उठला, थोडं फिरून विमान तपासलं, सूर्य उगवल्याची खूण मिळाल्यावर ४ वाजून ४१ मिनिटांनी निघाला. लॅथमच्या तळावर त्याला वेळेत उठवलं गेलं नाही. जाग आली तोवर वारा पुन्हा वाढला होता.

विमानाला २५ अश्वशक्तीचं तीन सिलिंडरचं अंझानी इंजिन. होकायंत्र नाही. खाली एस्कोपेत नावाची फ्रेंच विनाशिका सोबत होती, तिच्यावर ब्लेरिओची पत्नी अ‍ॅलिस. विमानाने जहाजाला मागे टाकलं आणि मग काही मिनिटं ब्लेरिओला ना जहाज दिसेना, ना फ्रान्स, ना इंग्लंड. वर धुकट आकाश, खाली पाणी. तो नुसता सरळ जात राहिला. इंग्लंडचे कडे दिसले तेव्हा कळलं की वाऱ्याने त्याला बाजूला ढकललं आहे. किनाऱ्याच्या कडेने डोव्हरकडे वळला. तिथे एका कुरणात शार्ल फोंतेन हा फ्रेंच पत्रकार फ्रान्सचा तिरंगी झेंडा हलवत उभा होता, उतरण्याची जागा दाखवायला. वाऱ्याच्या झोताने विमान आपटलंच. पंखा मोडला, चाकांचा सांगाडा मोडला, माणूस शाबूत. एकूण साडेछत्तीस मिनिटं.

त्या दिवसानंतर ब्रिटनमध्ये एकच चर्चा सुरू झाली: आपलं बेट आता फक्त समुद्राच्या भरवशावर सुरक्षित राहिलेलं नाही. या उड्डाणाचं खरं वजन तिथे आहे. ते विमान आजही पॅरिसच्या कला आणि हस्तोद्योग संग्रहालयात पाहायला मिळतं.

म्हणजे ब्लेरिओ हवेतून खाडी ओलांडणारा पहिला माणूस का?

नाही. ७ जानेवारी १७८५ लाच ब्लांशार आणि जेफ्रीज या दोघांनी बलूनमधून खाडी ओलांडली होती. ब्लेरिओ पहिला ठरतो तो विमानाने ओलांडणारा. ‘पहिला’ या शब्दामागचं विशेषण कधीही गाळू नये. आपल्याकडचं उदाहरण घ्या. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी ही भारतातली पहिली ‘प्रवासी’ रेल्वे. त्याआधी मद्रासजवळ आणि रुरकीला मालासाठी रूळ टाकून गाड्या चालल्या होत्या. ‘प्रवासी’ गाळलं की वाक्य खोटं होतं, ठेवलं की खरं. आणि त्या दिवसाचा मान त्याने तसूभरही कमी होत नाही.

मुद्दाम २५ जुलै साधून केलेलं काही आहे का?

आहे. ब्लेरिओच्या उड्डाणाला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी, २५ जुलै १९५९ ला, हॉवरक्राफ्टने, म्हणजे हवेच्या गादीवर तरंगत जाणाऱ्या वाहनाने, पहिल्यांदा इंग्लिश खाडी ओलांडली. कॅले ते डोव्हर, दोन तासांहून किंचित जास्त. एसआर-एन१ असं त्या वाहनाचं नाव. त्याचे जनक ख्रिस्तोफर कॉकरेल स्वतः त्यावर होते, तोल सांभाळण्यासाठी जिवंत वजन म्हणून पुढे-मागे सरकत.

२०१९ मध्ये फ्रँकी झापाटा या फ्रेंच माणसानेही हीच तारीख धरली. पायाखाली जेट इंजिनांची फळी, त्यावर उभं राहून खाडी ओलांडायची. २५ जुलैला मध्येच इंधन भरायला बोटीवर उतरताना तो पाण्यात पडला. दहा दिवसांनी, ४ ऑगस्टला, सुमारे २२ मिनिटांत त्याने खाडी पार केली. म्हणून त्याचा ‘पहिला’ मान ४ ऑगस्टच्या पानावर जातो. मुद्दाम धरलेली तारीख प्रत्येकाला साधतेच असं नाही.

२५ जुलैच्या दिनविशेषात १८१४ आणि १८३७ च्या नोंदी असतात, त्या कशाच्या?

२५ जुलै १८१४ ला इंग्लंडमधल्या किलिंगवर्थच्या कोळसा खाणीत जॉर्ज स्टीफन्सनने आपलं पहिलं वाफेचं इंजिन, ‘ब्लूचर’, चालवून दाखवलं. आठ वाघिणी, ३० टन कोळसा, ताशी चार मैल, तेही चढावर. जगातलं पहिलं इंजिन हे नव्हे, तो मान ट्रेव्हिथिकचा. हे स्टीफन्सनचं पहिलं.

२५ जुलै १८३७ ला कुक आणि व्हीटस्टोन यांनी लंडनमध्ये यूस्टन ते कॅम्डन टाउन या टप्प्यावर विजेच्या तारायंत्राचं प्रात्यक्षिक दिलं. प्रत्यक्ष रेल्वेच्या कामासाठी तार वापरून पाहण्याची ही पहिली वेळ. यूस्टनहून निघणारा चढ इतका होता की गाड्या कॅम्डनच्या स्थिर इंजिनाने दोराने ओढून घ्याव्या लागत. ‘गाडी तयार आहे, ओढा’ हे वर कळवायचं कसं, हा प्रश्न होता. तार चालली, निरोप पोहोचले आणि तरीही रेल्वेच्या संचालकांनी ती घेतली नाही. हवेच्या दाबावर वाजणारी शिट्टी त्यांना पुरेशी वाटली. दोन वर्षांत दुसऱ्या रेल्वे कंपनीने तार घेतली.

या यंत्राला पाच सुया होत्या आणि अक्षरं फक्त वीस. ‘क्यू’सकट सहा अक्षरं त्यात नव्हती. १८४५ मध्ये एक खुनी स्लाउहून लंडनच्या गाडीत बसला. त्याच्या अंगावर क्वेकर पंथीयांचा पोशाख होता. तोवर यंत्र बदललं होतं, पण ‘क्यू’ अजूनही नव्हता. तारवाल्याने ‘के डब्ल्यू’ वापरून ‘क्वेकर’ लिहिलं. पलीकडच्याला आधी अर्थच लागेना, पण निरोप गाडीच्या आधी पोहोचला आणि माणूस पकडला गेला.

या दोन नोंदींत एक धागा आहे. ज्या रेल्वेवर तारेचं प्रात्यक्षिक झालं तिचा मुख्य अभियंता होता रॉबर्ट स्टीफन्सन, ‘ब्लूचर’ बनवणाऱ्या जॉर्जचा मुलगा. पुढे हाच रॉबर्ट ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार अभियंता झाला आणि त्याच्या हाताखाली शिकलेल्या जेम्स बर्कलेने बोरीबंदर-ठाणे मार्ग बांधला. तारीख जुळली हा योगायोग. पण ही माणसं एकमेकांशी जोडलेली होती तो योगायोग नव्हे.

पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचं श्रेय कुणाला द्यायचं?

तिघांना, आणि तिसरं नाव गाळू नका ही माझी कळकळीची विनंती.

लुईस ब्राउनचा जन्म इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या रुग्णालयात झाला, रात्री ११ वाजून ४७ मिनिटांनी, सिझेरियनने. वजन साधारण २.६ किलो. आईच्या बीजवाहिन्या बंद होत्या. नोव्हेंबर १९७७ मध्ये दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने एकच बीज काढलं, शरीराबाहेर फलित केलं, गर्भ आठ पेशींचा झाल्यावर गर्भाशयात सोडला. शस्त्रक्रियेची बाजू डॉ. पॅट्रिक स्टेप्टो यांची, प्रयोगशाळेची रॉबर्ट एडवर्ड्स यांची. आणि रोज प्रयोगशाळा चालवणारी, गर्भावर नजर ठेवणारी, नोंदी करणारी जीन पर्डी. ती शिक्षणाने परिचारिका. बाहेर वाढणारा तो गर्भ विभागताना सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा तिने पाहिला.

रुग्णालयावर स्मृतिफलक लावताना एडवर्ड्स यांनी पर्डीचं नाव घाला असं लिहून कळवलं होतं. ते तेव्हा घातलं गेलं नाही. ती १९८५ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी गेली. स्टेप्टो १९८८ मध्ये गेले. २०१० मध्ये नोबेल मिळालं ते एकट्या एडवर्ड्स यांना, कारण नोबेल मरणोत्तर देत नाहीत.

आणि भारतात?

लुईसच्या जन्मानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ‘दुर्गा’ जन्मली. त्यांनी गर्भ गोठवून ठेवला होता, जे ओल्डहॅममध्ये केलेलंच नव्हतं. पण राज्य सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा फेटाळला, परदेशी जाऊन काम मांडायची परवानगी मिळाली नाही, बदली झाली. जून १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

त्यानंतर ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून बाळ जन्मलं. तेच देशातलं पहिलं मानलं गेलं. पुढे आनंद कुमार यांनी मुखोपाध्याय यांच्या जुन्या वह्या आणि कागद तपासले आणि १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की पहिलेपणाचा मान मुखोपाध्याय यांचा आहे. स्वतःच्या नावावरचा ‘पहिला’ त्यांनी स्वतः दुसऱ्याला दिला. विज्ञानाच्या इतिहासात असं फार कमी वेळा होतं.

म्हणून केईएमच्या बाळाबद्दल लिहिताना ‘शास्त्रीय नोंदींसह मान्यता मिळालेलं भारतातलं पहिलं’ असं पूर्ण लिहावं.

लुईस जन्मली तेव्हा भारतात कोणती तारीख होती?

२६ जुलै, पहाटेचे ४ वाजून १७ मिनिटं. पण तारीख घटनास्थळाची धरायची हा सर्वमान्य रिवाज आहे.

याची उलट बाजू बिकिनी बेटांवर दिसते. पॅसिफिकमधल्या या प्रवाळबेटांजवळ अमेरिकेने २५ जुलै १९४६ ला सकाळी ८ वाजून ३५ मिनिटांनी पाण्याखालचा पहिला अणुस्फोट केला. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा २४ जुलैची संध्याकाळ होती. स्फोटाने उडालेलं किरणोत्सारी पाणी चाचणीसाठी उभ्या केलेल्या जहाजांवर असं बसलं की ती धुऊनही साफ होईनात आणि मालिकेतली पुढची चाचणी रद्द करावी लागली. बेटावरच्या १६७ रहिवाशांना मार्चमध्येच हलवलं होतं. थोड्याच दिवसांत परत येऊ, अशी त्यांची समजूत करून दिली होती. ‘पहिला’ म्हणजे नेहमी मानाचा असं नसतं, हे मुलांना याच उदाहरणावरून सांगावं.

अंतराळयानाबाहेर काम करणारी पहिली स्त्री स्वेतलाना सावित्स्काया आणि राकेश शर्मा एकाच अंतराळस्थानकावर होते हे खरं का?

खरं आहे, पण एकाच वेळी नव्हे. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सॅल्यूत-७ वर होते. सावित्स्काया त्याच वर्षी जुलैमध्ये तिथे पोहोचल्या. शर्मांचं स्वागत करणारे तिघे सोव्हिएत अंतराळवीर तेव्हाही तिथेच मुक्कामी होते.

२५ जुलैला त्या व्लादिमिर झानिबेकोव्ह यांच्यासोबत स्थानकाबाहेर पडल्या आणि साडेतीन तासांहून जास्त वेळ बाहेर राहिल्या. हातात इलेक्ट्रॉन किरणांचं अवजार. त्याने धातूचे तुकडे कापले, जोडले, झाळले. त्यांची अंतराळातली ही दुसरी खेप होती. १९८२ च्या पहिल्या खेपेला स्थानकावरच्या एका सहकाऱ्याने थट्टेने त्यांच्यापुढे स्वयंपाकाचा एप्रन धरला होता. दोन वर्षांनी त्या निर्वात पोकळीत वेल्डिंग करत होत्या.

तिथीने पाहिलं तर या घटना एकाच दिवशी येतात का?

नाही. २५ जुलै कधी आषाढात येते, कधी श्रावणात, त्यामुळे तिथीने ही मालिका विस्कटते. ज्या घटना मुळात इंग्रजी तारखेने नोंदल्या गेल्या त्या तारखेनेच पाळाव्यात.

शाळेच्या फळ्यावर चारच ओळींची जागा आहे. काय लिहू?

माझी निवड: १९०९ ब्लेरिओ, १९७८ लुईस ब्राउन (स्टेप्टो, एडवर्ड्स आणि पर्डी ही तिन्ही नावं घालून), १९८४ सावित्स्काया, २००७ प्रतिभाताई पाटील. शाळा जळगाव किंवा अमरावती जिल्ह्यात असेल तर प्रतिभाताईंची ओळ सगळ्यात वर.

ही साखळी पुढे कधी दिसेल?

सध्याच्या राष्ट्रपतींची मुदत २४ जुलै २०२७ ला पूर्ण होते. सगळं वेळापत्रकानुसार झालं तर अकरावा शपथविधी दुसऱ्या दिवशी, रविवारी, २५ जुलै २०२७ ला होईल. त्याच्या पुढच्या २५ जुलैला लुईस ब्राउन पन्नास वर्षांच्या होतील.